पेरणीला कर्ज मिळते, तीनचाकीला का नाही?

काकांच्या कोठ्यात बैलांच्या गव्हाणीला लागून एक बॅटरीवरची तीनचाकी उभी आहे. आली तेव्हा काकूने तिला हळद-कुंकू लावले होते, पोरांनी हार घातला होता. आज तिच्या सीटवर ढेपेचे पोते आहे आणि पाय ठेवायच्या जागेत कोंबडी अंडी घालते. गाडी धडधाकट आहे. चाके फिरतात, हँडल वळते, ब्रेक लागतो. गेल्या आहेत त्या फक्त दोन बॅटऱ्या.

ही तीनचाकी माझ्या चुलतभावाची. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले, बोर्डाने 85 टक्के अपंगत्व लिहून दिले. हातात मात्र कसब असे की तालुक्याच्या गावची दुकाने त्याला शाळेच्या गणवेशाचे काम देत. सात किलोमीटरचा रस्ता. तीनचाकी होती तोवर तो सकाळी कापड घेऊन यायचा, संध्याकाळी शिवलेले नेऊन द्यायचा, कोणाच्या मोटारसायकलची वाट पाहायची गरज नव्हती. अडीच वर्षांत बॅटऱ्या बसल्या. नव्या दोन बॅटऱ्यांचे दुकानदाराने अकरा हजार सांगितले. ज्या शिबिरात गाडी मिळाली तिथल्या माणसांना फोन केला, तर उत्तर आले की वाटपाचे काम आमचे, दुरुस्तीचे आमच्याकडे नाही. पुन्हा अर्ज करावा तर त्याच कारणासाठी एकदा मदत घेतलेल्याला वर्षे मोजत थांबावे लागते. तोवर गणवेशाचे काम दुसऱ्या शिंप्याकडे गेले.

तेव्हा तो मला म्हणाला होता, “मले फुकट नोको राजेहो, टायमावर पायजे.”

त्याच्या या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. गावखेड्यातल्या दिव्यांग माणसाला साधन मिळण्याचा आपल्याकडे एकच ओळखीचा रस्ता आहे: मोफत वाटप. त्या वाटपाची मला किंमत आहे. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून चालू आहे, कानपूरचा अ‍ॅलिम्को हा सरकारी कारखाना त्यासाठी तीनचाक्या, कुबड्या, श्रवणयंत्रे बनवतो. त्याच्याशिवाय विदर्भातली कितीतरी माणसे आजही जमिनीवरून सरकत असती. पण शिबिर वर्षा-दोन वर्षांतून येते. आधी मोजमापाचे, मग कित्येक महिन्यांनी वाटपाचे. जे आणलेले असते तेच मिळते. मोटार लावलेल्या तीनचाकीला 80 टक्क्यांची अट आहे, म्हणजे ज्याचे प्रमाणपत्र 80च्या आतले, त्याने हाताने चाक फिरवत जायचे. सोयाबीन काढताना मळणी यंत्रात ज्याचा हात गेला त्याला कोणता कृत्रिम हात कामाचा पडेल, हे शिबिरातल्या यादीवरून ठरते. त्याला पुन्हा विळा धरायचा आहे की दुकानात बसायचे आहे, हे कोणी विचारत नाही. ज्याला हवे ते, हवे तेव्हा, स्वतः निवडून घ्यायचे आहे, त्याला पैसा लागतो. आणि पैसा हाताशी नसेल तर कर्ज लागते.

माझे म्हणणे सरळ आहे. दिव्यांग माणसाला चालायला, ऐकायला, पाहायला, काम करायला लागणाऱ्या साधनासाठी पीककर्जाइतके स्वस्त आणि पीककर्जाइतके सहज कर्ज गावातल्या बँकेत मिळाले पाहिजे.

गेल्या वर्षी भाऊ साइड चाके लावलेली जुनी स्कूटी घ्यायला निघाला. पन्नास हजारांत सौदा ठरला. मी त्याच्याबरोबर बँकेत गेलो. बँकेला रॅम्प बांधलेला आहे, पण त्याच्यावर मोटारसायकली लावलेल्या होत्या. दोन काढून वाट केली तेव्हा तो आत पोचला. साहेबांनी कागद नीट पाहिले, बोलले चांगले, पण विचारले तेच जे सगळे विचारतात: परतफेड कशातून करणार? तो म्हणाला, शिलाईतून. मग सात-बारा आहे का? नाही. पगारदार जामीनदार आणता का दोन? आमच्या घराण्यात पगारदार एक, तोही आधीच दोघांना जामीन राहिलेला. मुद्रा कर्जाचे विचारले तर ते धंद्यासाठी आहे, मशीन घ्या, कापड घ्या, स्कूटी वैयक्तिक वापरात मोडते, असे कळले. शिलाई मशीनला कर्ज मिळेल, पण शिवलेले कपडे बाजारात नेऊन देणाऱ्या चाकांना मिळणार नाही. साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्या चौकटीत या वस्तूला खणच नव्हता.

भावाने पन्नास हजार शेवटी गावातून उचलले. शेकडा तीन रुपये महिना. दर महिन्याला दीड हजार रुपये नुसते व्याज. चौदा महिने झाले, एकवीस हजार रुपये देऊन झाले आणि मुद्दल जसेच्या तसे उभे आहे.

आता हा हिशेब पाहा. पन्नास हजार रुपये 5 टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले तर मुद्दल आणि व्याज मिळून महिन्याचा हप्ता होतो जवळपास 1,500 रुपये. तोच आकडा! सावकाराला तीन वर्षे दरमहा दीड हजार देणाऱ्याच्या खिशातून 54,000 जातात आणि पन्नास हजारांचे देणे तसेच राहते. 5 टक्क्यांच्या कर्जात तोच दीड हजार भरणारा माणूस तीन वर्षांनी मोकळा होतो, त्याने जास्तीचे दिलेले असतात चार हजारांच्या आसपास. दारात येणारे फायनान्सवाले वर्षाला 24 टक्क्यांच्या आगेमागे दर लावतात. त्यात हप्ता 1,960 रुपयांच्या घरात जातो आणि तीन वर्षांत वीस हजारांवर व्याज. माझा भाऊ महिन्याला दीड हजार फेडू शकतो हे चौदा महिने सिद्ध झाले आहे. त्याची पत कमी नाही. त्याच्यासाठी पैसा महाग आहे.

आणि हा 5 टक्क्यांचा दर मी हवेतून काढलेला नाही. केंद्र सरकारने 1997 साली खास यासाठी एक वित्त महामंडळ उभे केले. त्याच्या नावातला ‘अपंग’ जाऊन आता ‘दिव्यांगजन’ आले आहे. त्याच्या स्वावलंबन योजनेत लहान कर्जाचा दर 5 टक्क्यांपासून सुरू होतो, महिलांना त्यातही सवलत आहे, आणि सहाय्यक साधने घेण्यासाठीही कर्ज देता येते. हे कर्ज राज्य महामंडळ आणि करार केलेल्या बँका यांच्यामार्फत यायचे असते. ते दिल्लीहून निघते, पण आमच्या बँकेच्या काउंटरपर्यंत येत नाही. आमच्या गावात प्रमाणपत्र असलेले तेवीस जण आहेत. मी त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी गेलो आहे. या योजनेचे नाव ऐकलेला मला एकही भेटला नाही.

कायदाही कमी पडत नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे 13वे कलम म्हणते की बँकेचे कर्ज आणि इतर पतपुरवठा मिळण्याचा दिव्यांगांना इतरांइतकाच हक्क आहे आणि सरकारने त्याची हमी घ्यायची आहे. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या नियमांत ‘दुर्बल घटक’ म्हणून जी यादी आहे तिच्यात दिव्यांग व्यक्ती आहेत, आणि बँकांना या घटकासाठी 12 टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवून दिलेले आहे. पण त्याच यादीत अल्प-अत्यल्पभूधारक शेतकरीही आहेत, बचत गटही आहेत. शेतकऱ्याला पीककर्ज दिले, बचत गटाला दिले, की उद्दिष्ट पुरे होते. दिव्यांग माणसाला एक रुपया न देताही बँकेचा तक्ता स्वच्छ दिसू शकतो. म्हणून मला वाटते, या 12 टक्क्यांमधले दिव्यांगांचे किती, हे वेगळे दाखवायला लावले पाहिजे. जिल्ह्याच्या बँकर्स समितीच्या बैठकीत दर तिमाहीला पीककर्जाचा आकडा वाचला जातो, जिल्हाधिकारी बँकांना जाब विचारतात, वर्तमानपत्रात बातमी येते. त्या तक्त्यात एक रकाना वाढवायला किती खर्च येणार आहे?

पीककर्जाची गोष्ट मी मुद्दाम काढतो, कारण ती आपल्या घरची आहे. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. उरलेले व्याज सरकार भरते आणि ज्या योजनेतून भरते तिला नाव आहे डॉ. पंजाबराव देशमुखांचे, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये यासाठी व्यवस्था वाकली, नियम बदलले, तिजोरी उघडली. ते व्हायलाच हवे होते. बियाणे आणि खत नसेल तर शेत उगवत नाही, हे सगळ्यांना पटले. मग चाके नसतील तर शिंपी तालुक्याला पोचत नाही, श्रवणयंत्र नसेल तर दुकानदाराला गिऱ्हाइकाचे बोलणे कळत नाही, बोलणारा मोबाइल नसेल तर अंध माणसाला स्वतःच्या खात्यातले पैसे स्वतः पाहता येत नाहीत, हे पटायला काय अडचण आहे? ही साधने म्हणजे त्या माणसांची पेरणी आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत तर घरखर्चासाठीही वेगळे 10 टक्के धरलेले असतात. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या घरातल्या गरजेलाही स्वस्त कर्जात जागा आहे. भूमिहीन दिव्यांगाच्या पायाला नाही.

इथे कोणीही जाणता माणूस मला अडवेल. विदर्भात बसून कर्ज मागतोस? अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा ही नावे देशाने ज्या कारणाने पाठ केली ते कारण कर्जच होते ना?

हा प्रश्न मी टाळणार नाही. आमच्या गावातही अशी घरे आहेत ज्यांच्यासमोरून जाताना आवाज आपोआप खाली येतो. कर्ज हा शब्द इथे जपूनच वापरला पाहिजे. पण त्या घरांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: बँकेचे दार बंद झाले आणि सावकाराचे उघडे राहिले, त्या दिवसापासून उतरण लागली. नागपूर, वर्धा, बुलडाण्याच्या जिल्हा बँका डबघाईला आल्या तेव्हा किती शेतकरी खासगी दारात गेले, हे आम्ही पाहिले आहे. दिव्यांग माणूस आजही त्याच दारात उभा आहे. त्याला कर्ज नकोच असे म्हणणे म्हणजे त्याने शेकडा तीननेच घ्यावे असे म्हणणे आहे, कारण साधनाची गरज तर थांबत नाही. 2025च्या जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंनी अन्नत्याग आंदोलन केले तेव्हा शेतकऱ्याची कर्जमाफी आणि दिव्यांगांचे मानधन या दोन मागण्या एका मांडवात होत्या. त्यानंतर दिव्यांगांचे संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार वाढून अडीच हजार झाले, आणि ते मोठे काम झाले. आता त्या दोन मागण्यांच्या मधोमध जी तिसरी आहे, दिव्यांगाला स्वस्त कर्ज, तिच्यासाठीही कोणी बसले पाहिजे.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या मित्रांचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. साधन हा हक्क आहे, त्याचे कर्ज कसे करता, उद्या सरकार म्हणेल की कर्ज आहे ना, मग मोफत कशाला? ही भीती खरी आहे. म्हणून रेघ आताच ओढून ठेवली पाहिजे. शाळेतल्या मुलाचे श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेलचे साहित्य, कर्जावर कधीही जाता कामा नये; ते फुकटच आणि लगेच मिळाले पाहिजे, कारण मुलाची दोन वर्षे गेली की भाषाच जाते. ज्याला कसलेही उत्पन्न नाही, ज्याचे अडीच हजार पोटालाच पुरत नाहीत, त्यालाही कर्जात लोटणे पाप आहे. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या रुग्णाला, ज्याचा आजार 2016च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत आला पण ज्याच्या कंबरेच्या सांध्याची दुखणी वर्षातून चारदा त्याला अंथरुणाला खिळवतात, त्याला हप्ता बांधून देऊन काय साधणार? कर्ज त्याच्यासाठी आहे ज्याच्या हातात काम आहे किंवा साधन आल्यावर येणार आहे, ज्याला यादीतल्यापेक्षा वेगळे किंवा चांगले हवे आहे, ज्याला आधीचे दुरुस्त करायचे आहे. अनुदान आणि कर्ज एकाच साधनावर एकत्रही बसू शकतात: सरकारने तीनचाकीची रक्कम द्यावी, वरची भर घालून माणसाने स्कूटी घ्यावी. आज ही मुभा नाही. एक तर त्यांची वस्तू घ्या, नाही तर काही नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2022 साली या विषयावर जगाचा अहवाल काढला. 250 कोटींहून जास्त लोकांना एक ना एक सहाय्यक साधन लागते आणि जवळपास 100 कोटी लोकांपर्यंत ते पोचत नाही, असे त्यात आहे. 2011च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांवर दिव्यांग मोजले गेले, तेही कायद्यात सातच प्रकार असताना. एवढ्या माणसांना शिबिराच्या मांडवातून साधने पुरतील असे ज्याला वाटते त्याने एकदा वाटपाच्या दिवशी मांडवाच्या मागच्या बाजूला, नाव न आलेल्यांच्या गर्दीत, उभे राहून पाहावे.

कर्ज कसे असावे, हेही बोलले पाहिजे, कारण वाईट बांधलेले स्वस्त कर्जही बुडते. आमच्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. कापूस-सोयाबीन निघते, दिवाळी ते संक्रांत गावात पैसा खेळतो, शिंप्याकडे कपडे पडतात, पिठाच्या गिरणीवर गर्दी होते, मग मे-जूनला सगळे कोरडे. हप्ता या चालीने बांधला पाहिजे: हंगामात मोठा, उन्हाळ्यात छोटा किंवा नाहीच. कर्जाच्या रकमेतच बॅटरी, टायर, श्रवणयंत्राचे सेल, कृत्रिम पायाची दुरुस्ती यांचा तीन वर्षांचा खर्च धरला पाहिजे. काकांच्या कोठ्यातली गाडी अकरा हजारांअभावी बंद आहे. तिची मूळ किंमत त्याच्या तिपटीहून जास्त होती. ती सरकारी रक्कम कोंबडीखाली बसली आहे.

आणि घेण्याआधी वापरून पाहायला मिळाले पाहिजे. अमेरिकेत 1998च्या सहाय्यक तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याराज्यांतून असे कार्यक्रम चालतात. तिथे साधन काही दिवस घरी नेऊन वापरून पाहता येते, आणि पसंत पडले तर ते घेण्यासाठी कमी व्याजाच्या किंवा हमी दिलेल्या कर्जाची सोयही बऱ्याच राज्यांत आहे. आपल्याकडे हे फार गरजेचे आहे. दवाखान्याच्या फरशीवर गुळगुळीत पळणारी चाकाची खुर्ची श्रावणात काळ्या मातीत दोन हात सरकत नाही, चाकांना चिखलाचे गोळे बसतात. जयपूर फूट हा कृत्रिम पाय 1968 साली घडला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाकडे पाहून. म्हणून तो टिकला. प्रत्येक तालुक्याला चार-सहा साधने वापरून पाहायला ठेवली, एक मिस्त्री त्यांची दुरुस्ती शिकलेला असला, तर चुकीच्या वस्तूवर कर्ज व्हायचे वाचेल.

जामिनाचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्यासारख्या गावात करवसुली दोन लाख झाली तर ते होतात दहा हजार. तेवीस जणांत वाटले तर प्रत्येकी साडेचारशेही येत नाहीत. कुठे चेक देतात, कुठे भांडी देतात, आणि घेणाऱ्यालाच काय, देणाऱ्यालाही त्याचा उपयोग सांगता येत नाही. पण तालुक्यातल्या शंभर ग्रामपंचायतींनी या पैशाचा अर्धा भाग जरी एकत्र करून हमीनिधी म्हणून बँकेत ठेवला, तर पाच लाखांची हमी उभी राहते. त्या हमीवर बँक त्याच्या काही पट छोटी कर्जे देऊ शकते. पगारदार जामीनदार कोणाला शोधावा लागणार नाही. शिवाय उमेद या राज्याच्या बचत गट अभियानाच्या नियमांत दिव्यांगांचा गट पाच जणांचाही चालतो आणि त्यात बाया-माणसे एकत्र बसू शकतात. असा गट एकमेकांना ओळखतो, कोणाची अडचण खरी आणि कोणाची टाळाटाळ हे त्याला बँकेपेक्षा आधी कळते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाने केंद्राच्या महामंडळाचा 5 टक्के दर खाली आणून पंजाबरावांच्या योजनेसारखा, वेळेत फेडणाऱ्याला शून्यावर न्यावा, आणि ते कर्ज तालुक्याच्या बँकेत मिळेल अशी बँकांशी लेखी बोलणी करावी. माझ्या भावाच्या पन्नास हजारांचे 5 टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज चार हजारांच्या आसपास होते, हे आपण पाहिले. सरकारला एका माणसामागे एवढेच घालायचे आहे.

येत्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. पहिला भाग ग्रामपंचायतीच्या 5 टक्के निधीतला अर्धा हमीसाठी बाजूला ठेवण्याचा, दुसरा पंचायत समितीने तालुक्यातल्या बाकी गावांना त्यासाठी पत्र पाठवावे असा, तिसरा बँकेने रॅम्पवरच्या मोटारसायकली हलवाव्यात असा. कागद मी लिहून ठेवला आहे. सूचक म्हणून सही चुलतभावाची आहे, अनुमोदक म्हणून मळणी यंत्रात हात गेलेल्या शेजाऱ्याची. त्याने ती डाव्या हाताने, शिकून, केली आहे.